मुलुंडचा तो व्हिडिओ मीही फॉरवर्ड केला होता

पूर्वद्रुतगती | रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि ट्रेकचे धागे वाचून गुपचूप निघून जाणारा. आज झोप लागत नाही म्हणून लिहायला बसलोय. लांबेल, सांभाळून घ्या.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला. तळ अधिक तीन, अठ्ठावीस बिऱ्हाडं, १९८४ चं बांधकाम, पुनर्विकासाचं घोडं सात वर्षं अडलेलं. निम्मे मराठी, सहा-सात घरं गुजराती आणि कच्छी, दोन तमिळ, एक सिंधी, बाकी भाडेकरू. कमिटीत मी म्हणजे कोरम भरायला लागतो तो मेंबर.

दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा आहे. मालक पुण्याला असतात. त्यांनी एक कुटुंब पक्कं केलं आणि आमच्या सेक्रेटरींनी त्या नवरा-बायकोला आज सकाळी 'जरा भेटायला' बोलावलं. ज्यांनी मुंबईत भाड्याने घर शोधलंय त्यांना ठाऊक असेल, हा कार्यक्रम कांदेपोह्यांचाच असतो, फक्त पोहे नसतात. जिन्याखालचं ऑफिस, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, कागदी कपात चहा. तो औषध कंपनीत, ती शाळेत शिक्षिका, मुलगी दुसरीत. बाईंनी सगळी कागदपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये क्रमाने लावून आणली होती. आडनाव असं की रायगड-रत्नागिरीत हिंदूंतही सापडतं आणि मुसलमानांतही. त्यामुळे पहिली दहा मिनिटं फार छान गेली. गाव कोणतं, खेडजवळ, अरे वा, आमची मावशी तिकडचीच. बाईंनी विचारलं, "पाणी किती वाजता येतं?" मी म्हणालो, "सकाळी साडेपाच ते साडेसात." अख्ख्या मीटिंगमध्ये मी बोललेलं हे एकमेव वाक्य.

मग आधारकार्डाची झेरॉक्स पुढे आली आणि सेक्रेटरींनी पूर्ण नाव वाचलं. कुणी काही वाईट बोललं नाही. आवाजसुद्धा चढला नाही. "आम्ही मालकांशी बोलून कळवतो" एवढंच. त्या दोघांनाही कळलं, कारण त्यांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. बाईंनी जाताना स्वतःचे दोन कप उचलून डब्यात टाकले. ते गेल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "माणसं चांगली आहेत हो, पण उद्या सगळी लाइन लागेल." मी स्टेपलरशी चाळा करत बसलो.

आता मुख्य मुद्दा. २०२३ च्या सप्टेंबरात मुलुंडमध्येच एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली गेली होती, "महाराष्ट्रीयन चालत नाहीत" म्हणून. तो व्हिडिओ मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, "आपल्याच शहरात उपरे." एकवीस अंगठे आले होते. आज ग्रुप उघडून ती पोस्ट शोधून काढली. अजून आहे.

हे आणि ते एकच का? आणि मी नक्की काय करायला हवं होतं?

शेंगदाणा_लाडू | रविवार, रात्री ११:५८

पहिला नंबर! वाचतोय. शतकी धागा होणार हा.

खडूस_आजोबा | सोमवार, सकाळी ६:१०

तुमची बोच प्रामाणिक आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी एका ताटात वाढताय. मराठी माणसाला मुंबईत जागा नाकारणं म्हणजे घरच्याच माणसाला उंबऱ्यावर अडवणं. मी लालबागचा. फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला त्या १९५५ साली मी सात वर्षांचा होतो. आमच्या चाळीत मोरारजींचं नाव शिवी म्हणून वापरत. हे शहर महाराष्ट्राला कुणी तबकात घालून दिलेलं नाही. त्यानंतर १९८२ चा संप, गिरण्या गेल्या, आम्ही गेलो बदलापूर-विरारला, आणि गिरणीच्या जागी टॉवर उठले. त्यात मासे चालत नाहीत. हा राग वेगळा आणि तुमच्या सेक्रेटरींची सावधगिरी वेगळी.

पारसिक | सोमवार, सकाळी ८:४५

आजोबा, नमस्कार. मी मुंब्र्याचा. नावावरून नाही कळणार, पण ते खेडजवळचं कुटुंब माझं नात्यातलंही असू शकतं, आमच्याकडे नाती लांबवर जातात.

संयुक्त महाराष्ट्राचा डफ गावोगाव कुणी वाजवला? आत्रे, डांगे, एसेम भाषण करायचे, पण सभा जमवायचे शाहीर. त्यातले अमरशेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांनी आज मुलुंडला टू बीएचके मागितला असता तर आधारकार्डावर कुठलं नाव वाचलं गेलं असतं?

आता थोडं घरचं. माझे आजोबा गोदीत कामाला, राहायला माझगावला, डॉकयार्ड रोड स्टेशनच्या बाजूला. चाळीत खाली उडुपी, वर आम्ही, शेजारी सिंधुदुर्गातलं एक कुटुंब. त्यांच्या घावनांचं पीठ आणि आमच्या सांदणांचं पीठ एकाच गिरणीतून दळून यायचं. जानेवारी १९९३ मध्ये त्याच शेजाऱ्यांनी आमच्या दारावर स्वतःच्या आडनावाची पाटी लावली आणि आम्ही चार दिवस त्यांच्या आतल्या खोलीत काढले. मी पाच वर्षांचा होतो. मला आठवतं ते एवढंच की आईने खोकला आला तर तोंडात धरायला म्हणून पदर दिला होता. एप्रिलमध्ये आम्ही मुंब्र्याला गेलो. त्या वर्षी अर्धी माझगाव-भायखळा-जोगेश्वरी मुंब्र्याला येत होती. पाणी नाही, गटार नाही, विजेचा पत्ता नाही, पण रात्री झोप लागायची.

लोक म्हणतात, "तुम्ही एकत्रच का राहता?" अहो, दुसरीकडे राहू देता का?

सडेतोड | सोमवार, सकाळी ९:३०

झालं सुरू. चाळीतला एकोपा, पिठाची गिरणी, डोळ्यात पाणी. १२ मार्च १९९३ कोण सांगणार? २५७ माणसं गेली त्या दिवशी. सेक्रेटरींनी अठ्ठावीस कुटुंबांचा विचार केला, त्यात काय चुकलं? आधी मराठी की आधी हिंदू हे एकदा ठरवून टाका, म्हणजे असे धागे काढायची वेळ येणार नाही.

पारसिक | सोमवार, सकाळी ९:५२

१२ मार्चला वडील मशीद बंदरला पेढीवर होते. काथा बाजारातल्या स्फोटात त्यांच्या पेढीचा हमाल गेला. त्याला घरी पोचवायला वडीलच गेले होते. श्रीकृष्ण आयोगाने डिसेंबर-जानेवारीच्या दंगलीत ९०० मृत्यू मोजले, ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. तुम्ही तुमचे मोजा, मी माझे मोजतो, आणि त्या दुसरीतल्या मुलीला घर नाकारायला हे दोन्ही हिशेब पुरत नाहीत. ती जन्मली २०१७-१८ ला.

मावशी_डोंबिवली | सोमवार, सकाळी ११:१५

सडेतोड, तुम्हाला एक सांगू? सोसायट्यांची ही 'सावधगिरी' फक्त मुसलमानांपाशी थांबत नाही. मी घटस्फोटित. मराठी, हिंदू, शाकाहारी (मंगळवार-शनिवार तरी), बँकेत अधिकारी. २०११ मध्ये डोंबिवलीत घर शोधत होते. पहिला प्रश्न, "मिस्टर कुठे असतात?" दुसरा, "येणारं-जाणारं कोण असतं?" एका काकांनी तर सांगितलं, आमच्या इथे सगळी फॅमिली आहे. म्हणजे मी आणि माझा मुलगा कोण, फेरीवाले?

शेवटी घर मिळालं ते एका ख्रिश्चन बाईंचं. त्यांनी एकच अट घातली, बाल्कनीतल्या कढीपत्त्याला पाणी घालायचं.

नायगावकर_बीडीडी | सोमवार, दुपारी १:०५

धागाकर्त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय म्हणून मीही लिहितो, नाहीतर या विषयावर इथे तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं.

मुंबईत जात कुणी विचारत नाही. विचारतात ते असं. पूर्ण नाव? गाव? कुलदैवत? आणि शेवटचं हुकमी पान, "तुमच्याकडे गणपती असतो ना?" ठाण्याला, नौपाड्यापासून हाकेच्या अंतरावर, एका मराठी इमारतीत, मराठी मालकीणबाईंनी मला हा प्रश्न अत्यंत प्रेमाने, हातावर वडी ठेवत विचारला. मी म्हणालो, नाही, आमच्याकडे १४ एप्रिल असतो. वडी संपेपर्यंत बसलो. संध्याकाळी ब्रोकरचा फोन, "त्यांच्या भाच्याला अचानक जागा लागली." दोन महिन्यांनी त्याच फ्लॅटची जाहिरात पुन्हा दिसली. भाचा परत गेला असेल.

बाबासाहेब १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर हजर झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी लोक लाठ्या घेऊन दारात आले. हे सगळ्यांना पाठ आहे, जयंतीला भाषणात सांगतात. आता लाठी लागत नाही, भाचा पुरतो.

तेव्हा 'मराठी माणसाला घर नाकारलं' असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, कुठला मराठी माणूस? पार्ले पंचम या संस्थेने नव्या इमारतींत ५० टक्के घरं मराठी माणसासाठी राखून ठेवायची मागणी केली होती. माझा विरोध नाही. फक्त त्या ५० टक्क्यांच्या रांगेत मी उभा राहिलो तर गणपतीचं विचारणार का, तेवढं आधी सांगा.

शेंगदाणा_लाडू | सोमवार, दुपारी १:२०

भाचा पुरतो... आईशप्पथ. +१००

खडूस_आजोबा | सोमवार, दुपारी ४:३०

नायगावकर, तुमचं वाचून गप्प बसलो. आमच्या चाळीच्या टोकाला काही खोल्या होत्या, त्यांना आम्ही 'पलीकडचे' म्हणत असू. का, ते आम्हा मुलांना कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नाही. नळ एकच होता. पण त्यांच्या हंड्याचा नंबर आपोआप शेवटी लागायचा. हे मला पंचाहत्तरी उलटल्यावर आठवतंय, बघा.

घाटकोपर_पूर्व | सोमवार, संध्याकाळी ६:००

मी गुजराती. मराठी शाळेत गेले नाही, पण दहावीला मराठी खालच्या इयत्तेचं का होईना, होतं, आणि बाकीचं भाजीवाल्यांनी, बस कंडक्टरनी आणि या साइटने शिकवलं. शुद्धलेखन माफ करा.

मुलुंडचा तो व्हिडिओ आला त्या आठवड्यात माझ्या मुलाला क्लासमध्ये पोरांनी 'ए ढोकळा' म्हणून भंडावलं. तो मला विचारतो, आपण कधी आलो मुंबईत? माझ्या आजेसासऱ्यांचा जन्म भुलेश्वरचा. २०२५ ला मीरा रोडला दुकानदाराला मराठीवरून कानफटवलं, मग व्यापाऱ्यांचा मोर्चा, मग मराठी मोर्चा, तेव्हा सासऱ्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाशी मराठीतच बोलायला सुरुवात केली. गुजराती गिऱ्हाइकाशीसुद्धा. आम्ही हसत होतो, ते हसत नव्हते.

पण खोटं कशाला बोलू? आमच्या बिल्डिंगमध्ये 'ओन्ली व्हेज' आहे. लिहिलेलं कुठेच नाही. ब्रोकरला माहीत आहे. मला स्वतःला मासे तळल्याचा वास खरंच सहन होत नाही, उमासे येतात. पण 'व्हेज' म्हटलं की कोण कोण आपोआप गाळलं जातं हे कळायला डोकं लागत नाही. आमच्या मजल्यावर एक गुजराती मुलगा रोज बाहेरून चिकन मागवतो, पिशवीत पिशवी घालून. त्याला कुणी काढलं नाही.

बंड्या_जर्सीवाला | सोमवार, रात्री ८:४०

हेहे. इथे न्यू जर्सीत आमच्या आधीच्या घरमालकाला आमच्या फोडणीचा वास सहन होत नव्हता. 'पडद्यांना धरून राहतो' म्हणायचा. मराठी मंडळाच्या ग्रुपवर आम्ही सगळ्यांनी त्याला वर्णद्वेष्टा ठरवलं. इथे १९६८ चा कायदा आहे, धर्म-वंश बघून घर नाकारता येत नाही, त्यामुळे तो तोंडाने काही बोलू शकला नाही. त्याच ग्रुपवर गेल्या महिन्यात एकाने ठाण्यातला फ्लॅट भाड्याने टाकला. जाहिरातीत 'ब्राह्मण कुटुंबास प्राधान्य'. कुणाला काही खटकलं नाही. मलाही नाही, आत्ता हा धागा वाचेपर्यंत.

पूर्वद्रुतगती | सोमवार, रात्री ९:१५

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. कायद्याचं कुणी सांगेल का? उद्या सेक्रेटरींना विचारायचं तर काय विचारू?

काळा_कोट | सोमवार, रात्री १०:५०

सांगतो, पण हे फुकटचं मत आहे, त्याची किंमतही तेवढीच धरा.

राज्यघटनेचं कलम १५ आहे, पण त्याचं पहिलं बंधन सरकारवर. दुसऱ्या पोटकलमात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव येतात, तुमचा टू बीएचके येत नाही. मालकाने कुणाला घर द्यावं हे बव्हंशी त्याच्या मर्जीवर आहे आणि भाड्याचं घर धर्मावरून नाकारलं तर थेट वापरता येईल असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेचं बंड्यांनी सांगितलंच.

पण तुमच्या केसमध्ये मालक तयार होते. अडवलं सोसायटीने. तिथे गोष्ट बदलते. भाडेकरू सोसायटीचा सभासद होत नाही. आदर्श उपविधींनुसार (म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) मालकाने भाडेकरू ठेवताना सोसायटीला कळवायचं असतं, परवानगीची याचना करायची नसते. सोसायटीने बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं) घ्यावं, तेही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. करार नोंदवायचा, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची, झालं. ही 'भेटायला या' प्रथा कुठल्याही उपविधीत नाही. जिन्याखाली आहे, तेवढंच.

विकत घेणाऱ्याचं आणखी स्पष्ट आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, कलम २३, पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही. मग कुणीतरी २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा निकाल पुढे करतं. त्या संस्थेच्या नोंदणी झालेल्या उपविधीतच सभासद फक्त पारशी असा नियम होता आणि तो न्यायालयाने उचलून धरला. तुमच्या उपविधीत 'फक्त हिंदू' असं आहे का? नसणार. मग तो निकाल तुमच्या सेक्रेटरींच्या कामाचा नाही.

तुम्ही काय करायचं? कमिटी सभेचं इतिवृत्त मागा. सभासदाला कागदपत्रं बघण्याचा हक्क आहे. आणि नकाराचं कारण त्यात लिहा म्हणावं. एवढंच. तोंडी सगळे शूर असतात, पेन हातात दिलं की शाई संपते. पुढे जायचं तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे मालकांनी तक्रार करावी. करणार नाहीत, कारण त्यांना त्याच सोसायटीत उद्या फ्लॅट विकायचाय.

चेंबूर_चेट्टा | मंगळवार, सकाळी ७:२०

माझं मराठी महापालिका शाळेतलं आहे, चालवून घ्या.

अच्छन १९५८ ला पालक्काडहून आले. फोर्टला स्टेनोग्राफर. १९६६ ला शिवसेना निघाली आणि 'बजाव पुंगी हटाव लुंगी' सुरू झालं. उडुपी हॉटेलांवर दगड पडायचे. अच्छननी लुंगी बाहेर गॅलरीत वाळत घालणं बंद केलं, स्वयंपाकघरात दोरी बांधली. पावसाळ्यात ती लुंगी तीन दिवस वाळायची नाही आणि अख्ख्या घराला ओलसर वास. ती दोरी १९९० पर्यंत होती, तोवर शिवसैनिक शेजारी दर ओणमला पायसम घ्यायला यायचे. काढायचं कुणाला सुचलंच नाही.

आणि मी? आमच्या सोसायटीच्या सभेत गेल्या वर्षी ईशान्येकडच्या चार मुलींना घर द्यायला मी विरोध केला. कारण दिलं, रात्री उशिरा येतात. एअरलाइनमध्ये होत्या, उशिरा येणारच.

सडेतोड | मंगळवार, सकाळी १०:०५

वा, आता सगळे रांगेने कबुलीजबाब देणार. पुढचा नंबर कुणाचा? २०११ च्या जनगणनेत मुंबईत मराठी मातृभाषेचे ४४ लाख, हिंदीचे ३६ लाख, आणि वाढतंय कोण ते बघा. पहिलीपासून हिंदी लादायला निघालं होतं सरकार, २९ जून २०२५ ला जीआर मागे घ्यावा लागला तो रस्त्यावर उतरायची तयारी दाखवली म्हणून. वरळीला दोन ठाकरे भाऊ एका व्यासपीठावर आले ते हवेतून नाही. तुम्ही बसा अश्रू ढाळत.

नायगावकर_बीडीडी | मंगळवार, सकाळी १०:४०

हिंदीच्या जीआरविरुद्ध मीही होतो हो. मराठी शाळेत शिकलोय, मुलगी मराठी शाळेत आहे. तुमची मुलं कुठल्या माध्यमात आहेत?

सडेतोड | मंगळवार, सकाळी १०:४४

वैयक्तिक होऊ नका.

शेंगदाणा_लाडू | मंगळवार, सकाळी १०:४५

उत्तर मिळालं.

संपादक_मंडळ | मंगळवार, सकाळी ११:३०

दोन प्रतिसाद उडवले आहेत. 'लांडे' आणि 'भय्ये' हे शब्द वापरून लिहायचं असेल तर दुसरी जागा शोधावी. विषय चांगला चाललाय, धाग्याचं काश्मीर करू नका.

पारसिक | मंगळवार, दुपारी २:१५

चेट्टांचं वाचून मलाही लिहावंसं वाटलं, नाहीतर मी इथे फक्त सोसलेला माणूस ठरेन.

आमच्या मुंब्र्यात कोकणी वेगळे आणि युपीवाले वेगळे. आम्ही घरात कोकणी-मराठी बोलतो, ते उर्दू. आई त्यांना सडेतोड साहेबांचाच शब्द वापरते, तो आत्ता संपादकांनी उडवलेला. बहिणीसाठी आझमगढकडच्या एका मुलाचं स्थळ आलं, इंजिनियर, सभ्य. आई म्हणाली, "आपल्यात बसणार नाही ते, जेवणाची पद्धत वेगळी." बहिणीने विचारलं, म्हणजे भात आणि रोटी? आई म्हणाली, हो, तेच. आणि आमच्या बिल्डिंगमध्ये 'नो बॅचलर' आहेच.

पण एक फरक आहे. आईच्या मताने त्या मुलाचं घर गेलं नाही. शहरात माझ्या आईचं मत कुणी विचारत नाही.

घाटकोपर_पूर्व | मंगळवार, दुपारी ३:००

पारसिकभाऊ, शेवटचं वाक्य बरोबर लागलं. आमच्या बिल्डिंगच्या मताने घर जातं.

अवांतर: कबुतरखान्यावरूनही आमच्या घरात दोन तट आहेत. ऑगस्ट २०२५ ला दाणे टाकणं बंद करायला दादरच्या कबुतरखान्यावर घातलेली ताडपत्री लोकांनी फाडली त्या दिवशी सासूबाई खूश होत्या आणि नवरा, ज्याला दमा आहे, जेवला नाही. दोघंही जैन. बाहेरून सगळ्यांना एकच रंग दिसतो.

मावशी_डोंबिवली | मंगळवार, दुपारी ३:२५

कबुतरांवर वेगळा धागा काढा ताई, तिथे मी खूप बोलणार आहे. आणि तो पिशवीत पिशवी घालणारा मुलगा, त्याला सांगा कोल्हापुरी घेणार असेल तर तीन पिशव्या लागतात.

पूर्वद्रुतगती, तुम्ही कुठे गेलात?

पूर्वद्रुतगती | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, दुपारी १२:३०

माफ करा, उशीर झाला. काय काय झालं ते सांगतो. फार काही झालेलं नाही.

काळा कोट यांनी सांगितल्याप्रमाणे इतिवृत्त मागितलं. सेक्रेटरी दुखावले. आम्ही बावीस वर्षं शेजारी आहोत, माझ्या वडिलांना मध्यरात्री दवाखान्यात त्यांनीच त्यांच्या गाडीतून नेलं होतं. वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं. रजिस्टर उघडून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, 'फ्लॅटबाबत चर्चा झाली. विषय स्थगित.' मी म्हणालो, कारण लिहा. ते म्हणाले, "काय लिहू, तूच सांग." मी पेन घेतलं आणि मलाही सुचेना. शेवटी लिहिलं, 'भाडेकरूचा धर्म पाहून नकार देण्यात आला, मी सभेत उपस्थित होतो व गप्प राहिलो', खाली सही केली. ते म्हणाले, तू येडा आहेस, हे उद्या कोर्टात जाईल. त्या दिवसापासून जिन्यात भेटले तर मान हलवतात, बोलत नाहीत. त्यांच्या मिसेसनी मात्र काल अळूवड्या पाठवल्या.

ग्रुपवर तो २०२३ चा व्हिडिओ पुन्हा टाकला आणि खाली विचारलं, आपण वेगळं काय केलं? सात जण ग्रुपमधून बाहेर पडले. एकाने लिहिलं, 'गुड मॉर्निंग.' वरच्या मजल्यावरच्या तमिळ आजी लिफ्टपाशी थांबून हळूच म्हणाल्या, "बरोबर केलं." लिफ्ट आली तशा गेल्या.

मालकांना पुण्याला फोन केला. म्हणाले, त्या कुटुंबाने कळव्याला घर घेतलं भाड्याने, मुलीची शाळा मध्येच बदलायला लागू नये म्हणून आता बाई तिला रोज लोकलने मुलुंडला आणतात. नंबर देऊ का, विचारलं. मी नको म्हणालो. फोन करून काय बोलणार होतो?

फ्लॅट अजून रिकामा आहे. मालक म्हणतात, आता कुणालाच नको देऊ, विकतो. दुसऱ्या मजल्याच्या त्या बाल्कनीत कबुतरांनी संसार थाटलाय, खालच्या काकूंच्या वाळवणावर घाण पडते, आणि कमिटीने काल एकमताने मालकांना नोटीस काढली की जाळी बसवा. मीही सही केली. जाळीवाला शोधायचं काम माझ्याकडे आलंय.

शेंगदाणा_लाडू | शनिवार, दुपारी १:१०

मुलुंडला जाळीवाला हवाय? स्टेशनबाहेर बोर्ड असतात बघा. चौरस फुटाचा भाव आधी ठरवा, नायलॉनचीच घ्या.

पारसिक | शनिवार, दुपारी १:४०

माझा मामेभाऊ जाळीचंच काम करतो, मुंब्रा ते भांडुप. चांगलं करतो, तीन वर्षांची गॅरंटी देतो. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. फक्त तो येईल तेव्हा गेटवर वहीत नाव लिहायला सांगतात ना, त्या वेळी तुम्ही खाली या.